टाचणी पानावर कोणी ठेवली?

प्रति,
पुणे आणि परिसरात निसर्ग छायाचित्रण स्पर्धा भरवणारे आयोजक आणि त्या स्पर्धांचे परीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. कीटकभक्षी वनस्पतींचा धडा आला की मी फळ्यावर घटपर्णीचा पेला काढायची, वर झाकण, खाली बाण करून 'पाचक रस'. घटपर्णी मेघालयात, व्हीनस फ्लायट्रॅप अमेरिकेत आणि समोरची मुलं पुण्यात. त्यामुळे हा धडा नेहमी दूरदेशीचा वाटायचा, मुलांना आणि मलाही. निवृत्त झाल्यावर भाच्याने त्याचा जुना कॅमेरा मला दिला. मी साठवलेल्या पैशांतून १०० मिलिमीटरची, बारीक गोष्टी अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स घेतली आणि २०१५ च्या भाद्रपदात पहाटे चांदणी चौकातून निघून दीड-दोन तासांत एका पठारावर पोचले. तिथे पहिल्यांदा गवती दवबिंदू पाहिला, चिकट पानांवर कीटक पकडणारं रोप. वीतभर उंचीचं तांबूस रोप, दोऱ्यासारखी लांब पानं, पानांवर बारीक केस. सकाळचे साडेदहा वाजले होते. आजूबाजूच्या गवतावरचं दव कधीच उडून गेलं होतं, आणि याच्या प्रत्येक केसाच्या टोकाला मात्र थेंब तसाच चमकत होता. ३१ वर्षं मी मुलांना मेघालयाचं नाव सांगत होते आणि हे माझ्या घरापासून साठेक किलोमीटरवर दर पावसाळ्यात उगवत होतं.

पठाराचं नाव या पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. २०१७ मध्ये शहरातल्या एका स्पर्धेत माझ्या छायाचित्राला दुसरं बक्षीस मिळालं. चित्रात दवबिंदूच्या पानाला एक निळी टाचणी चिकटली आहे. टाचणी म्हणजे चतुराच्या जवळच्या नात्यातली, काडीसारख्या अंगाची, बहुतेकदा पंख मिटून बसणारी. चित्रात तिचे पंख पानाला चिकटून वेडेवाकडे पसरले आहेत, पाय थेंबांत रुतले आहेत, मागे सगळं हिरवं धूसर आहे. हा क्षण टिपायला छायाचित्रकाराने किती तास वाट पाहिली असेल याची कल्पना करा, असं परीक्षक मंचावरून म्हणाले. टाळ्या झाल्या. मी हात जोडले आणि जागेवर येऊन बसले.

वाट कोणीच पाहिली नव्हती. आम्ही अकरा जण एका छायाचित्रण सहलीला गेलो होतो. सहल नेणाऱ्याने डबक्याकाठची टाचणी पंखांना धरून उचलली, पानावर टेकवली आणि म्हणाला, "चला, पटापट घ्या." आम्ही पाळीपाळीने आडवे झालो. प्रत्येकाला दोन मिनिटं. टाचणी हलत होती म्हणून शटरचा वेग वाढवायला हवा, एवढाच विचार त्या वेळी माझ्या डोक्यात होता. ज्या बाईने वर्गात मुलांना फुलपाखराचे पंख धरू नका म्हणून हजारदा सांगितलं, ती तिथे गप्प राहिली. घरी येऊन स्पर्धेचा अर्ज भरला. 'छायाचित्राविषयी थोडक्यात' असा रकाना होता, त्यात मी 'दवबिंदूची शिकार' असं लिहिलं. टाचणी तिथे कशी आली, हे अर्जात विचारलं नव्हतं. बक्षीस देतानाही कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला खोटं बोलता आलं नसतं, असं मला आजही वाटतं, आणि म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

बक्षीस मिळायच्या आधीच, त्या सहलीनंतरच्या रविवारी, मी एकटी त्या जागी गेले होते. जिथे आम्ही आडवे झालो होतो तिथलं गवत चेपून चटईसारखं झालं होतं. लेन्सच्या आड येतात म्हणून कोणीतरी उपटलेल्या काड्या बाजूला सुकून पडल्या होत्या. दवबिंदूची बरीच रोपं मोडून मातीत गेली होती. ज्याच्यावर टाचणी ठेवली ते रोप उभं होतं, पण ते पान काळं पडून सडलं होतं आणि टाचणीचं धड त्यावर बुरशीत गुरफटलं होतं. गुरं घेऊन आलेल्या एक आजी लांबून माझ्याकडे बघत होत्या. जवळ आल्या आणि म्हणाल्या, "तुमी मानसं जितं लोळता ना, तितं फुडल्या साली ह्ये उगवत न्हाई." इतकंच बोलून त्या गुरांमागे गेल्या.

त्यांनी जे पाहून सांगितलं त्याची कारणं मला पुस्तकातून माहीत होती. गवती दवबिंदू वर्षायू आहे. पावसाळ्यात बी रुजतं, श्रावणापासून पुढे फुलं येतात, बी पडतं आणि पठार वाळलं की रोप मरतं. पुढच्या वर्षी तिथे काय उगवेल ते सगळं त्या मोहरीपेक्षाही बारीक बियांवर अवलंबून असतं. फुलावर असतानाच रोप छातीखाली चेपलं गेलं, तर त्या जागेचं पुढचं वर्षही त्याच्याबरोबर गेलं. आणि आपण सगळे तिथे जातो ते नेमके याच दिवसांत.

पठारावर मातीचा थर अनेक ठिकाणी बोटभरसुद्धा नसतो, खाली नुसता कातळ. धो धो पावसाने त्या थरातली पोषकद्रव्यं वाहून जातात. नत्र आणि स्फुरद इतकं कमी की पुष्कळ झाडांचा तिथे निभाव लागत नाही. दवबिंदूने त्यावर उपाय काढला आहे. साखर तो इतर झाडांसारखी उन्हातच तयार करतो. कीटकांपासून घेतो ते नत्र आणि स्फुरद. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर कीटक ही त्याची भाकरी नाही, त्याचं खत आहे. त्यासाठी केसांच्या टोकांना तो चिकट द्रव तयार करतो, आणि तो फुकट होत नाही, उन्हात कमावलेलं त्यात खर्ची पडतं. जोराच्या सरीने तो धुऊन गेला की पुन्हा करावा लागतो. पानाला चिकटतात ती चिलटं, बारीक माश्या, एखादी मुंगी. एवढीशी शिकार पचवायला ते पान घडलेलं आहे. त्याच्यावर टाचणी ठेवणं म्हणजे तान्ह्या बाळाच्या तोंडात अख्खा लाडू कोंबणं आहे. पानाला ती पुरती वेढता येत नाही, पचायच्या आधी ती कुजायला लागते आणि तिच्याबरोबर पानही जातं.

हे मी एकदा नीट, आरंभापासून शेवटपर्यंत पाहिलं आहे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये सलग तीन सकाळी त्याच पठारावर गेले. ट्रायपॉड उघड्या कातळावर उभा केला, मातीवर पाय दिला नाही, आणि एकाच पानावर कॅमेरा लावून बसले. पहिल्या दोन दिवशी काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी सव्वानऊच्या सुमारास एक चिलट आलं. तिळाएवढंही नव्हतं. एका थेंबाला पाय लागला, तो सोडवायला दुसरा टेकवला, तो दुसऱ्या थेंबात गेला. काही मिनिटांत जवळचे केस त्याच्याकडे झुकलेले दिसायला लागले. डोळ्यांना झुकताना दिसत नाहीत. दहा मिनिटांपूर्वीचं चित्र पडद्यावर काढून ताज्या चित्राशी ताडून पाहिलं की कळतं. साडेअकराला चिलट थेंबांच्या एका गोळ्यात बुडालं होतं. दुपारी दोनला पानाचा तो भाग आत वळून त्याच्याभोवती मुठीसारखा मिटत आला होता. वारा सारखा होता. मॅक्रोत जवळून घेतलं की लेन्सचं छिद्र एफ ११ इतकं बारीक केलं तरी जेमतेम एक-दीड मिलिमीटर जागा स्पष्ट येते, त्यामुळे दोनशे चित्रांतली पाच-सहा उपयोगाची निघाली. त्यातल्या एका चित्रात पानाच्या मागून ऊन आलं आहे आणि प्रत्येक थेंबात आभाळ उलटं दिसतं आहे. एकेका थेंबात एकेक डोंगररांग.

ती मालिका मी दोन स्पर्धांना पाठवली. निवडली गेली नाही, आणि त्याबद्दल तक्रार नाही, माझ्यापेक्षा चांगली चित्रं काढणारे या शहरात पुष्कळ आहेत. पण दोन्ही वर्षी निवडलेल्या चित्रांत दवबिंदूवर मोठा कीटक होता. एका वर्षी फुलपाखरू, दुसऱ्या वर्षी चतुर. ते तिथे कसे आले हे मी पाहिलेलं नाही, म्हणून आरोप करत नाही. एवढंच सांगते, की दवबिंदूसमोर मी आता नऊ पावसाळे बसते आहे आणि स्वतःहून येऊन अडकलेला चतुर मला एकदाही दिसलेला नाही.

परीक्षकांना एका विनंतीबरोबर काही खुणा सांगाव्याशा वाटतात. तुमच्यातले बहुतेक जण प्रकाश, रचना, तीक्ष्णता यांतले जाणकार आहात. तुमच्याइतकी नजर मला नाही. पण या एका रोपाच्या बाबतीत मी जे पाहिलं ते तुमच्या उपयोगी पडेल. दवबिंदूचा खरा थेंब नेहमी केसाच्या टोकाच्या लाल ग्रंथीभोवती असतो, एका केसाला एक. केसाच्या मधोमध, देठावर, शेजारच्या गवताच्या पात्यावर तसेच टपोरे थेंब दिसले तर ते पावसाचे तरी असतात किंवा बाटलीतल्या फवाऱ्याचे. पाऊस नुकताच झाला असेल तर चिकट द्रव धुतला जाऊन केसांची टोकं बोडकी दिसतात. दोन्ही एकदम, टोकांना भरघोस चिकट थेंब आणि देठावर पाण्याचे मणी, दिसले तर थांबून विचार करावा. काही जण पाण्यात ग्लिसरीन मिसळतात, म्हणजे थेंब घरंगळत नाहीत. त्याने चित्र छान येतं, पण पानावर आपला एक थर बसतो.

शिकारीकडेही पाहावं. कीटक मोठा आहे आणि आजूबाजूचा एकही केस त्याच्याकडे झुकलेला नाही, म्हणजे तो आत्ताच आला आहे. आत्ताच येणं अशक्य नाही. पण मग छायाचित्रकाराकडे पुढची चित्रंही असायला हवीत, दहा मिनिटांनंतरचं, तासानंतरचं. ज्याने खरंच वाट पाहिली तो असा प्रसंग मिळाल्यावर एक चित्र काढून उठून जाईल का? फुलपाखराच्या पंखांवर बोटांनी धरल्याच्या जागी खवले निघालेले दिसतात. टाचणी पंखांच्या बाजूने टेकलेली असेल तर ती तशी उतरत नाही, उतरते ती पायांवर. दवबिंदूचं फूल आणि पानं यांचाही गोंधळ होतो. फुलाकडे येणारे कीटक परागासाठी येतात आणि सहसा सुखरूप जातात. फुलावर बसलेल्या माशीला 'मृत्यूच्या दारात' असं शीर्षक दिलेलं चित्र मी प्रदर्शनात पाहिलं आहे.

सीतेची आसवं या पठारावरच्या दुसऱ्या कीटकभक्षी रोपाबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण त्या बिचारीचा शिकारी स्वभाव कोणाच्या चित्रात येतच नाही. सीता वनवासात रडली आणि तिची आसवं पठारावर सांडली, असं तिच्या नावामागे सांगतात. जांभळट निळी, नखाएवढी फुलं. भाद्रपदात गेंदाच्या पांढऱ्या गोंड्यांमध्ये तिचे गालिचे पसरतात. आपण फुलांचे फोटो काढतो आणि घरी येतो. तिची शिकार चालते ती ओल्या मातीत, आपल्या कोपराखाली. तिला खरी मुळं नाहीत. मातीतल्या पाण्याच्या पातळ थरात तिचे दोऱ्यासारखे धागे पसरतात आणि त्यांवर कागदाला लावायच्या टाचणीच्या डोक्याएवढ्या, कधी त्याहून बारीक पिशव्या असतात. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकते, त्यामुळे आत दाब कमी होतो आणि पिशवीच्या भिंती आत ओढल्या जातात. दाराशी बारीक केस असतात. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव त्यांना लागला की दार आत उघडतं आणि पाण्यासकट तो ओढला जातो. याला सेकंदाचा हजारावा भागही पुरतो. वनस्पतींच्या जगातल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक आहे, आणि ती आपल्या सह्याद्रीत, चपलेच्या तळाखालच्या चिखलात होते. पुढच्या अर्ध्या तासात पिशवी पुन्हा सज्ज होते. तिथे आपण चटई अंथरून पालथे पडतो तेव्हा कसली जागा दाबतो आहोत हे दिसत नाही. मी स्वतः कित्येकदा दाबली आहे.

काही मित्रांशी या विषयावर बोलले तेव्हा एकाने चांगला प्रश्न विचारला. म्हणाला, डार्विननेही हेच केलं ना? केलं. १८६० मध्ये इंग्लंडमध्ये त्याचं लक्ष दवबिंदूकडे गेलं आणि पुढची पंधरा वर्षं तो अधूनमधून या विषयाकडे परत येत राहिला. पानांवर त्याने माश्या ठेवल्या, कच्च्या मांसाचे तुकडे ठेवले, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग ठेवला, काचेचे कण ठेवून पाहिले. त्या दिवसांत एका मित्राला त्याने लिहिलं की सध्या मला जगातल्या सगळ्या जातींच्या उगमापेक्षा दवबिंदूची जास्त काळजी आहे. पण त्याने काय ठेवलं, किती ठेवलं, किती तासांनी केस वळले, कधी वळले नाहीत, हे सगळं लिहून १८७५ मध्ये जगापुढे मांडलं. पानावर हाताने काही ठेवलं म्हणून मी कोणाला गुन्हेगार म्हणत नाही. शाळेतल्या प्रयोगासाठी कुंडीत वाढवलेल्या रोपावर कोणी मुंगी ठेवली आणि तसं सांगितलं, तर ते शिक्षण आहे. हाताने ठेवून 'निसर्गातला दुर्मीळ क्षण' म्हणून मांडलं, तर ती बघणाऱ्याची फसवणूक आहे. मी केली ती हीच.

फसवणूक इथेच थांबत नाही. आजकाल चित्रांवरून वनस्पती ओळखतात, नोंदी होतात, अभ्यासकही हौशी लोकांची चित्रं पाहतात. थिओडोर कुक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे प्राचार्य होते. त्यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींच्या ज्या नोंदी १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केल्या त्या शंभर वर्षांनंतरही अभ्यासक उघडून पाहतात. आपलं चित्र त्या तोलाचं नसेल. तरी अमुक महिन्यात, अमुक उंचीवर या रोपाने काय पकडलं होतं, याचा तो पुरावा असतो. खोटं चित्र त्या पुराव्यात जाऊन बसलं की काढता येत नाही. माझं टाचणीचं चित्र आजही कोणाकोणाच्या फोनमध्ये फिरत असेल.

मोठ्या स्पर्धांनाही यातून जावं लागलं आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' या स्पर्धेचं २००९ चं सर्वोच्च बक्षीस कुंपणावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या चित्राला मिळालं होतं. तो लांडगा माणसाळवलेला असण्याची दाट शक्यता परीक्षकांना वाटली आणि २०१० मध्ये बक्षीस काढून घेतलं. २०१८ मध्ये वारुळाजवळच्या मुंगीखाऊच्या चित्राचं बक्षीसही रद्द झालं, कारण तो प्राणी पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारले होते. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की आयोजकांनी चूक झाल्याचं लपवलं नाही. त्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली जशीच्या तशी फाइल, मागतात. आपल्याकडे ते अवघड नाही. रॉ फाइल, आणि आधीनंतरची पाच-दहा चित्रं.

तेवढ्याने भागणार नाही, कारण पानावर ठेवलेली टाचणी रॉ फाइलमध्येही तशीच दिसते. म्हणून अर्जात सरळ प्रश्न छापा: कीटक, प्राणी किंवा फूल तुम्ही किंवा दुसऱ्या कोणी हलवलं का? पाणी किंवा दुसरं काही फवारलं का? आजूबाजूची झाडंझुडपं कापली, उपटली, बांधली का? आणि खाली सही. कोणी खोटं लिहील, हे मला माहीत आहे. पण पुष्कळ माणसं माझ्यासारखी असतात. न विचारल्यावर गप्प बसतात, विचारल्यावर खोटं लिहायला त्यांचा हात धजत नाही. 'हो' लिहिणाऱ्याला हाकलू नका. त्याच्यासाठी वेगळा विभाग ठेवायचा असेल तर ठेवा आणि भिंतीवर चित्राखाली तसं छापा.

ठिकाणाचं नाव मागू नका. अर्जात जिल्हा पुरे. गेल्या काही वर्षांत प्रदर्शनात चित्राखाली पठाराचं नाव लागतं आणि पुढच्या शनिवारी तिथे गाड्या लागतात. कास पठाराला २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. तिथे नोंदणी आहे, शुल्क आहे, दिवसाला किती माणसं सोडायची याची मर्यादा आहे, गावातली माणसं राखणीला आहेत. पुण्याच्या आसपासच्या बहुतेक पठारांवर यातलं काहीच नाही. तिथे कुंपण घालावं असंही मला वाटत नाही, आजींची गुरं कुठे जातील? तिथे कोण जातं आणि काय करतं, हे पुष्कळसं तुमच्या स्पर्धेत कशाला बक्षीस मिळतं यावर ठरतं. सहल नेणाऱ्या त्या माणसाला दोष देणं सोपं आहे. पण आदल्या वर्षी तसल्याच चित्राला पहिलं बक्षीस मिळालं होतं, आणि आम्ही अकरा जण त्याच्याकडे 'तसं चित्र' मागायला गेलो होतो. चित्राच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश शिरतात, मोबाइलमध्ये तर हमखास. ते काढल्याशिवाय चित्र संकेतस्थळावर चढवू नका, हे तुमच्या तांत्रिक माणसांना सांगा.

तारखांचाही विचार करा. वन्यजीव सप्ताह २ ते ८ ऑक्टोबरला येतो. त्याच्या निमित्ताने भरणाऱ्या स्पर्धांच्या प्रवेशिका सप्टेंबरात बंद होतात. म्हणजे सगळी झुंबड नेमकी फुलं असताना आणि बी पडायच्या आधी. या वर्षीच्या सप्ताहात गेल्या वर्षीचीच चित्रं घ्यायची, असा नियम केला तर काय बिघडेल? शेवटच्या रविवारची धावपळ संपेल. ज्याच्याकडे वर्षभर जुनं चांगलं चित्र आहे त्याने ते घाईने काढलेलं नसण्याची शक्यताही जास्त.

आणि एक वनस्पतीशास्त्राचा माणूस परीक्षकांमध्ये घ्या. या शहराला त्यांची वाण नाही. कोरेगाव रोडवर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून आहे, लॉ कॉलेज रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे, विद्यापीठात आणि महाविद्यालयांत विभाग आहेत. पानावरचा थेंब पाण्याचा की चिकट द्रवाचा, हे त्यांच्यातला एखादा विद्यार्थीही सांगेल.

एका विभागाची भर घालता आली तर बघा: रोप आणि त्याची जागा. आपण सगळे मॅक्रोवाले पार्श्वभूमी पुसून टाकायला शिकतो. काळी किंवा हिरवी धूसर चादर, तिच्यावर एक चमकतं पान. मलाही ते आवडतं. पण ओला कातळ, बोटभर माती, शेजारी गेंद आणि कवला, मागे ढगात अर्धा बुडालेला कडा आणि पुढ्यात वीतभर दवबिंदू, असं चित्र पाहिलं की हे रोप कीटक का पकडतं ते न सांगता कळतं. असं चित्र साध्या लेन्सने काढता येतं, मोबाइलने काढता येतं. शाळेतली मुलं काढू शकतात. त्यासाठी कोणाला पालथं पडावं लागत नाही, कातळावर उकिडवं बसलं तरी पुरतं.

हौस कमी व्हावी म्हणून मी हे लिहीत नाही. साठीनंतर मला मिळालेली सर्वांत आनंदाची गोष्ट हा छंद आहे. पहाटे साडेचारला उठून थर्मासमध्ये चहा भरायचा, पौडच्या पुढे उजाडताना काच खाली करायची, धुक्यातून पठार हळूहळू वर येताना पाहायचं. दवबिंदूचा पहिला लाल ठिपका दिसेपर्यंत मला दर वर्षी धाकधूक असते. गेल्या पावसाळ्यात, आम्ही अकरा जण जिथे आडवे झालो होतो त्या तुकड्यात मी रोपं मोजली. सात होती. शेजारच्या, आम्ही न गेलेल्या तेवढ्याच तुकड्यात मोजता येईनात.

या पत्राची एक प्रत त्या वर्षीच्या आयोजकांना टपालाने पाठवली आहे. सोबत २०१७ चं प्रमाणपत्र, चषक आणि बक्षिसाच्या रकमेचा धनादेश आहे. माझं नाव त्या वर्षीच्या यादीतून काढावं आणि का काढलं तेही यादीत लिहावं, अशी विनंती केली आहे. मूळ फाइल मी पुसलेली नाही. टाचणी पानावर टेकवणारी दोन बोटं आदल्या चित्रात दिसतात. नव्या परीक्षकांना दाखवण्यासाठी ती चित्रं कोणाला हवी असतील तर मी घेऊन येईन.

आपली नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
कोथरूड, पुणे